कुणीतरी ‘हो’ म्हणतंय

११ जानेवारी

प्रिय मुंगी,

माझ्या हस्ताक्षरातलं पाकीट बघून काळजात धस्स झालं असेल, म्हणून आधीच सांगतो. मी धडधाकट आहे, मामी ठीक आहे. बिघडलाय तो फक्त आमचा कॉम्प्युटर. ईमेलच करणार होतो, पण गेल्या आठवड्यात माझ्या नावाने तुझ्या आईला वजन कमी करायच्या गोळ्यांची जाहिरात गेली आणि ताई चार दिवस माझ्याशी बोलली नाही. फोनवर मला नीट ऐकू येत नाही हे तुला माहीत आहे. तेव्हा कागद आणि पेन.

तू कॉलेजातल्या दीडशे कॉम्प्युटरांची डॉक्टरीण. माझा एकच पेशंट आहे, तोही तूच आणून बसवलेला. लक्षणं सांगतो. चालू केला की जागा व्हायला इतका वेळ घेतो की तोवर माझी दाढी होते. एखादा शब्द शोधायला घातला की भलत्याच पानावर नेऊन सोडतो. आणि उजव्या कोपऱ्यात टुण करून चौकट उगवते: ‘अभिनंदन, तुमची निवड झाली आहे.’ कशासाठी ते सांगत नाही. एक मिटवली की दुसरी हजर. परवा एका चौकटीने कळवलं की आमच्या कॉम्प्युटरमध्ये चारशे सतरा दोष सापडलेत. मी चाळीस वर्षं चष्मे करतोय, इतके दोष डोळ्यात सोड, अख्ख्या माणसात बघितले नाहीत. तरी घाबरून तिने सुचवलेला सफाईचा प्रोग्रॅम घेतला. एका गिऱ्हाइकाने सांगितलेला अँटिव्हायरस टाकला, दुसऱ्या गिऱ्हाइकाने त्याला नावं ठेवली म्हणून दुसराही टाकला. आता तिघं मिळून मला रोज वेगवेगळी भीती घालतात.

तर यातलं ठेवायचं काय आणि काढायचं काय? फुकटचं चालतं की विकतचंच लागतं? हेरगिरी करणारे प्रोग्रॅम असतात म्हणे, आपण काय टाइप करतो ते बाहेर कळवतात. आमच्याकडे चोरण्यासारखं काही नाही. पण मामी रोज त्याच्यावर बसते, तिचा वेळ जातो. तो बंद पडून चालणार नाही.

मी स्वतः काहीही दाबत नाही, हे लिहून देतो. मामी तुझी आठवण काढते.

आशीर्वाद आहेतच.
तुझा मामा


१९ जानेवारी

प्रिय मामा,

तुला आणि मामीला नमस्कार. पत्र वाचून इतकी हसले की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी पाणी आणून दिलं.

तू एका घरात दोन पहारेकरी ठेवलेस. ते चोर पकडत नाहीत, दिवसभर एकमेकांचे खिसे तपासत बसतात, म्हणून तुझं मशीन रडतंय. दोघांनाही काढ. आणि चारशे सतरा दोषवाल्या सफाईवाल्याला सगळ्यात आधी काढ, कारण तो स्वतःच चोर आहे. अशी भीती घालूनच हे लोक घरात शिरतात. विकतचं काही घेऊ नकोस. सिस्टिमबरोबर जो अँटिव्हायरस येतो तोच पुन्हा चालू कर, घरासाठी तेवढा पुरतो. फक्त अपडेट मागितलं की ‘नंतर’ म्हणू नको. मग ब्राउझर पहिल्यासारखा कोरा कर आणि त्याला जाहिराती अडवणारं एक एक्स्टेंशन लाव, नाव आणि कसं ते वेगळ्या कागदावर लिहिलंय. पासवर्ड बदल, पण ते दुकानातल्या फोनवरून.

कोपऱ्यातल्या टुण टुण चौकटींचं कारण निराळं आहे. एखादी साइट विचारते, ‘तुम्हाला सूचना पाठवू का?’ आणि कुणीतरी ‘हो’ म्हणतं. आपोआप यातलं काहीही येत नाही मामा. दार आतूनच उघडावं लागतं. तू शपथेवर नाही म्हणतोस म्हणून विश्वास ठेवते, पण दोन आठवड्यांनी ब्राउझरचा इतिहास छापून मला पाठव. कुठली पानं कधी उघडली ते त्यात दिसतं.

मामीला सांग, दोन ओळी तिच्या हातच्या हव्यात. तिच्या अक्षरासारखं अक्षर मी कुणाचं बघितलेलं नाही.

तुझी
मुंगी


३ फेब्रुवारी

प्रिय मुंगी,

तिघांनाही हाकललं. सफाईवाल्याने जाताना चार वेळा विचारलं, खरंच जाऊ का, पुन्हा विचार करा. इतकं आर्जव तर जावई करत नाहीत. बाकी सगळं तुझ्या कागदाप्रमाणे केलं. चार दिवस मशीन गुणी मुलासारखं वागलं, कोपऱ्यात काही उगवलं नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन बघतो तर पुन्हा अभिनंदन. आठव्या दिवशी तर सफाईवालाही परत, या वेळी सहाशे दोष घेऊन.

छापलेली अकरा पानं सोबत आहेत. चष्मा लावूनही मला त्यातलं काही कळलं नाही.

मामीच्या अंगठ्याला लागलंय, म्हणून लिहीत नाही. तुला आशीर्वाद सांगितलेत.

तुझा मामा


१० फेब्रुवारी

प्रिय मामा,

अकरा पानं दोनदा वाचली. तू खोटं बोलत नव्हतास, ‘हो’ तू म्हणत नाहीस. सगळं दहा ते एकमध्ये झालंय, रोज, रविवार सोडून. त्या वेळी तू दुकानात असतोस. म्हणजे मामी.

रागावू नकोस, तिलाही ओरडू नकोस, पण हे थांबवायला हवं. एका सकाळी तिने तेवीस चौकटींना ‘हो’ म्हटलंय. उपाय सोपा आहे. मालकीचं अकाउंट तुझ्याकडे ठेव, त्याला तिला माहीत नसलेला पासवर्ड घाल. तिच्यासाठी साधं अकाउंट काढ, ज्यावरून नवीन काही टाकता येत नाही. आणि ब्राउझरमध्ये सूचना मागणंच बंद करून ठेव, म्हणजे तिला कुणी विचारणारच नाही.

एक मात्र समजलं नाही. शोधायच्या जागी तिने शब्द नाही, वाक्यं लिहिलीत. ‘हो बोला ऐकते आहे.’ ‘जरा थांबा जोडते.’ ‘तुमचा आवाज येत नाही परत सांगा.’ अशी पानभर आहेत. ती गंमत करते का?

तुझी
मुंगी


२४ फेब्रुवारी

प्रिय मुंगी,

गंमत नाही. अंगठ्यालाही काही लागलेलं नाही.

दीड वर्ष झालं. आधी वस्तू हरवायची, मग दिवस, मग माणसं. डॉक्टरांनी तिच्या डोक्याचे फोटो काढून मला दाखवले आणि सांगितलं की हे परतीचं नाही. मी ताईला बोललो नाही, तुलाही नाही. ताईला कळलं तर ती पहिल्या गाडीने येईल आणि म्हणेल, हिला संस्थेत ठेव, तू एकटा काय काय बघशील. ती चूक नसेल. म्हणूनच सांगत नाही.

मामीने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तेहतीस वर्षं काढली हे तुला माहीत आहे, पण तिथे काम कसं चालायचं ते तू बघितलेलं नाहीस. समोर भोकाभोकांचा फळा, प्रत्येक भोकावर इवलासा दिवा. कुणी फोन उचलला की दिवा लागायचा. लागलेला दिवा तसाच ठेवायचा नाही, हा त्यांचा नियम. कोण आहे, कशाला हवंय, ते विचारायचं काम त्यांचं नव्हतं. बोला म्हणायचं आणि जोडून द्यायचं. तिच्या फळ्यावर दिवा कधी ताटकळला नाही म्हणून साहेबांनी एकदा सगळ्यांसमोर कौतुक केलं होतं. ते ती अजून सांगायची, आता आतापर्यंत.

कोपऱ्यात चौकट लागली की तिला तो दिवा वाटतो. ती ‘हो’ म्हणते. घरात माझ्याशी दिवसात दोन वाक्यं बोलत नाही, पण दहा वाजता केस विंचरून, ताठ बसून, त्या चौकटींशी बोलते. रविवारी मात्र सुट्टी.

तू सांगितलेलं सगळं मी केलं. पासवर्ड, साधं अकाउंट, सूचना बंद. चांगलं जमलं. पडदा अगदी शांत झाला. ती तीन दिवस दहा ते एक टेबलावर हात ठेवून बसून राहिली. चौथ्या दिवशी जेवली नाही. पाचव्या दिवशी मी विचारलं, काय होतंय, तर तोंड उघडलं आणि शब्द आला नाही. सहाव्या दिवशी सकाळी मी सगळे बंद केलेले दरवाजे पुन्हा उघडून ठेवले आणि दुकानात गेलो. संध्याकाळी पन्नास जणांनी अभिनंदन केलेलं होतं आणि मामी मला म्हणाली, आज फार काम होतं.

तिचं बोलणं एवढंच उरलंय मुंगी. ते गेलं की ती गेली. पण आठवड्याभरात हे मशीन त्या लोकांनी इतकं भरलंय की आता सुरूच होत नाही, नुसतं घरघरतं. त्यातून वाट काढ.

ताईला सांगू नकोस.

मामा


५ मार्च

प्रिय मामा,

मी इथून किती शहाणपणा करत होते. तेवीस चौकटी मोजल्या आणि त्यांच्यामागे कोण बसलंय ते विचारलंसुद्धा नाही. मला माफ कर. आईला सांगणार नाही.

एक सुचलंय. मशीन पूर्ण पुसून नव्याने उभं करायचं आणि बाहेरची सगळी दारं लावून टाकायची. ना ब्राउझर, ना जाहिराती. मग आत मी एक छोटा प्रोग्रॅम लिहून ठेवते. दहा वाजले की कोपऱ्यात पिवळा दिवा लागेल आणि कुणीतरी नंबर मागेल. मामीने लिहिलं की तो आभार मानेल, आणि थोड्या वेळाने दुसरा लागेल. एक वाजेपर्यंत. पलीकडे दुसऱ्या एक्स्चेंजमधली बाई आहे असं तिला वाटेल, अशी पंधरा-वीस वाक्यं लिहीन. तिने काय लिहिलं ते माझ्याकडे येईल, म्हणजे मला उत्तरं सुधारता येतील. तिच्या पडद्यावर मागे काही राहणार नाही.

होय, माणूस काय टाइप करतो ते चोरून बाहेर पाठवायचं, ह्याच्याचविरुद्ध मी तुला जानेवारीपासून उपाय सांगतेय. कळतंय मला.

पुढच्या शनिवारी येते. आईला सांगते की ट्रेनिंग आहे.

तुझी
मुंगी


२ एप्रिल

प्रिय मुंगी,

तू आलीस तेव्हा मामीने तुला तुझ्या आईच्या नावाने हाक मारली आणि तू सरळ ओ दिलीस. ते मी विसरणार नाही.

दिवा उत्तम चाललाय. पहिल्या दिवशी ती जरा घुश्शात होती, म्हणाली, नवीन बाई फार सावकाश बोलते. आता जमलंय त्यांचं. एक वाजता मी घरी येतो तेव्हा ती हात झटकून उठते, पोळी मोडून भाजीला लावते, दोन घास जास्त जातात. परवा गुणगुणत होती. कॉम्प्युटर सुरू होतो तो दाढीच्या आधी.

मी एवढ्यावर समाधानी राहायला हवं, पण माणसाचा लोभ. ती माझ्याशी बोलत नाही. तुझ्या त्या चौकटीशी तीन तास बोलते. काय बोलते? तुझ्याकडे येतं ना सगळं? मला थोडं कळव. शब्द न् शब्द नको, आशय सांग.

तुझा मामा


१२ एप्रिल

प्रिय मामा,

ती खुशीत आहे हे वाचून बरं वाटलं. लिहिते ते अगदी साधं असतं. नंबर जोडून देते, हवापाण्याचं विचारते, जुन्या मैत्रिणींच्या चौकश्या करते. विशेष काही नाही. तू स्वतःच्या तब्येतीकडे लक्ष दे. कामाची घाई आहे म्हणून थोडक्यात लिहितेय.

तुझी
मुंगी


२१ एप्रिल

प्रिय मुंगी,

तू लहान असल्यापासून खोटं बोललीस की वाक्यं आखूड करतेस. सहा ओळींचं पत्र तू मला कधी लिहिलं नाहीस. म्हणून काल अकरा वाजता दुकान बंद केलं, घरी आलो, चपला बाहेरच काढल्या आणि तिच्या मागे जाऊन उभा राहिलो.

ती लिहीत होती. तुला पाठ असेल, तरी लिहितो. ‘बाई, जरा माझाही एक कॉल लावून द्या. चष्म्याच्या दुकानात आमच्या ह्यांना. त्यांना सांगा, मी इथे एका गृहस्थांच्या घरी आहे. गृहस्थ वाईट नाहीत, पण मला घरी जायचंय.’

तुझ्या बाईने उत्तर दिलं, लाइन एंगेज आहे, थोड्या वेळाने प्रयत्न करा. मामीने लिहिलं, बरं, थांबते. आणि थांबली. मला वाटलं पाच मिनिटं, घड्याळात बघितलं तर चाळीस झाली होती. मी हललो तेव्हा तिने मागे वळून बघितलं आणि संकोचून पदर सावरावा तसे केस सारखे केले. परक्या माणसासमोर करतात तसे.

मी तुझ्यावर चिडलेलो नाही. तू मला वाचवत होतीस. पण ती महिनाभर माझाच नंबर मागतेय आणि आपण तिला एंगेज सांगतोय. मी तर दुकानात रिकामा बसलेला असतो. दुपारपर्यंत दोन गिऱ्हाइकं आली तर डोक्यावरून पाणी.

मला जोडून दे.

मामा


२९ एप्रिल

प्रिय मामा,

चुकले. ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसले होते. तुला कसं सांगायचं तेच कळेना.

तू म्हणतोस तसं केलंय. सोबतच्या कागदाप्रमाणे दुकानातल्या फोनवर चौकट बसव. तिने तुला मागितलं की तुझा फोन वाजेल आणि तू लिहिशील ते तिच्या पडद्यावर उमटेल. माझ्याकडे येणारं मी आजपासून बंद केलं. ते तुमच्या दोघांचं आहे.

पण मामा, मला हे बरोबर वाटत नाही. ती तुला बोलावेल. मग तू काय करशील?

मुंगी


३० मे

प्रिय मुंगी,

महिनाभर पत्र नाही, कारण रोज दहा ते एक मी कामात असतो. भिंगं घासायची पडून राहतात.

काय सांगू तुला. ती बोलते. लग्न झाल्यावर सुद्धा इतकी बोलली नव्हती, तेव्हा तिची ड्युटी आणि माझं दुकान. पहिल्या दिवशी मी लिहिलं, बोल, मी आहे. तिने लिहिलं, अहो, किती उशीर. मग सगळं. घर कसं आहे, खिडकीतून काय दिसतं, जिन्याचा कठडा हलतोय. त्या गृहस्थांविषयीही सांगते. ते मीठ कमी घालतात. तिचे कपडे घडी करून ठेवतात, ते तिला आवडत नाही, पण बोलवत नाही. ती आतून कडी लावते म्हणून ते बाहेर खुर्चीत झोपतात आणि सकाळी त्यांची मान धरलेली असते. मी विचारलं, त्यांची भीती वाटते का? म्हणाली, नाही हो, दया येते, त्यांचं कुणीतरी गेलं असावं.

मी दुकानात बसून हे वाचतो. एक वाजता कुलूप लावतो, दोन गल्ल्या चालतो आणि ते गृहस्थ होतो.

तू म्हणालीस तेच झालं. दहा दिवसांपूर्वी तिने लिहिलं, मला न्यायला या. मी लिहिलं, येतो. खरंच वाटलं मला, की ती वाट बघत असेल आणि मीच दारात उभा राहिलो तर ओळख पटेल. न्हाव्याकडे गेलो. तिला आवडायचा तो शर्ट घातला. किल्ली असून बेल वाजवली. तिने हातात पिशवी घेऊनच दार उघडलं, भरलेली पिशवी. माझ्याकडे बघितलं, माझ्या मागे जिन्यात बघितलं आणि म्हणाली, “ते अजून आले नाहीत. तुम्ही आत या, उन्हातून आलात.”

संध्याकाळपर्यंत ती दाराशी स्टुलावर बसून होती. दुसऱ्या दिवशी लिहिलं, तुम्ही आला नाहीत. मी म्हणालो, आलो होतो. ती म्हणाली, मी दिवसभर दारातच होते, खोटं कशाला बोलता. असं आतापर्यंत तीनदा झालंय. दर वेळी पिशवी भरते. दर वेळी मी रात्री ती रिकामी करतो.

यावर तुम्हा कॉम्प्युटरवाल्यांकडे काही उपाय असेल तर सांग. फुकटचा नको, विकतचा चालेल.

तुझा मामा


८ जून

प्रिय मामा,

उपाय नाही. शोधला असं म्हणावं तर कुठे शोधायचा तेसुद्धा माहीत नाही. हे सगळं मी उभं केलं, दिवा मी लावला, आणि आता मला त्यातलं एक बटणही दाबता येत नाही.

एवढंच म्हणते, ‘येतो’ म्हणू नकोस. दर वेळी ती दिवसभर दारात बसते आणि दर वेळी तिच्या लेखी तू खोटा ठरतोस. कामासाठी लांब गेलोय, इतक्यात जमणार नाही, असं काहीतरी लिही. निदान पिशवी भरणार नाही.

आणि आईला सांगू या मामा. मी तुझ्याबरोबर असेन.

मुंगी


२७ जून

प्रिय मुंगी,

तुझ्या सांगण्याप्रमाणे लिहिलं. दोन आठवडे धीर झाला नाही, मागच्या सोमवारी झाला. कामाचं कारण मला लिहिता आलं नाही, ती लगेच विचारते कुठलं गाव, कुठला नंबर. मी सरळ लिहिलं, मला तुला न्यायला येता येणार नाही.

तिने लिहिलं, आवाज नीट आला नाही, परत सांगा. मी परत सांगितलं.

तुला एक्स्चेंजमधली अजून एक रीत सांगायची राहिली होती. पलीकडचा माणूस मिळतच नसेल तर गिऱ्हाइकाला किती वेळ आशेवर ठेवायचं, याला मर्यादा असायची. मग ऑपरेटरने स्वच्छ आवाजात सांगायचं आणि फळ्याच्या भोकातली जोडणीची दोरी काढून घ्यायची. रडत बसलेल्या बाईलासुद्धा. मामी म्हणायची, सगळ्यात अवघड काम ते, पण लाइन अडवून कुणाचं भलं होत नाही. सोमवारी तिने लिहिलं, ‘समजलं. हा नंबर मी परत मागणार नाही. तब्येतीला जपा.’ आणि स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर बंद केला.

मंगळवारी निघताना मीच कॉम्प्युटर चालू करून ठेवला, दहा वाजता दिवा लागला, ती टेबलाशी आली नाही. बुधवारीही नाही. मी दुकानातून तिला लिहीत होतो, बोल, मी आहे, मी इथेच आहे. घरी येऊन बघायचो तर माझ्याच ओळी पडद्यावर एकाखाली एक. गुरुवारी दुकान उघडलं नाही. घरीच थांबलो. ती खिडकीशी होती, मी खुर्चीत. मी तिच्याशी बोलून बघितलं, जुनं सगळं काढून बघितलं. ती माझ्याकडे बघत होती, ऐकल्यासारखं, पण उत्तर द्यायचं असतं हेच तिच्यातून गेलेलं होतं.

तुझ्या आईला मी आज वेगळं पत्र टाकलंय, सगळं लिहिलंय. ती येईल. संस्थेचे कागद आले आहेत, सही करायची जागा त्यांनी पेन्सिलीने खूण करून दिलीय. तू तुझा प्रोग्रॅम काढून टाक, किंवा राहू दे, मला त्यातलं काही कळत नाही. तू स्वतःला दोष देऊ नकोस. तुझ्यामुळे मला दीड महिना मिळाला.

एक सांगायचंय, दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. सोमवारी, तिने कॉम्प्युटर बंद केला त्याच दिवशी, संध्याकाळी मी पानं वाढली. ती येऊन बसली, तिच्या नेहमीच्या लांबच्या जागी नाही, अगदी माझ्याजवळ. मग फार हळू, मला धक्का बसू नये अशा बेताने म्हणाली, “आमचे हे आता येणार नाहीत. तुम्ही जेवून घ्या.”

त्यानंतर ती बोललेली नाही. मी जेवून घेतलं.

तुझा मामा